टीव्ही गेमच्या पोटात (भाग 7) : लाईन गेली तरी गेम राहिला पाहिजे

काँट्राच्या आठव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यापर्यंत यायचं, उरलेले जीव मनात मोजायचे आणि नेमकी तेव्हाच लाईन जायची. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत अमरावतीकडच्या आपल्या तिवशात ज्यानं टीव्ही गेम खेळला, त्याला हे दुःख समजावून सांगायला नको. "लाईन गेली बे!" अशी आरोळी सगळ्या गल्लीतून एकदमच उठायची. वेळापत्रकातलं भारनियमन एकवेळ परवडायचं, कारण किती वाजता खेळ आवरायचा हे ठरलेलं असे. डीपीवरचा फ्यूज उडाला किंवा पावसाळ्यात तारेवर फांदी पडली, तर मात्र कुणाच्याच हातात काही नसे. तास-दोन तासांनी लाईन यायची, टीव्ही लागायचा आणि पडद्यावर गेमची तीच जुनी यादी. पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या काही भागांत आपण कॅसेट पाहिली, बंदूक पाहिली, टीव्हीला चित्र कसं जातं ते पाहिलं. आजच्या भागातला शोध हाताला लागत नाही की डोळ्याला दिसत नाही, पण माझ्या मते या सगळ्यांत तोच मोठा आहे. खेळ जिथे थांबवला तिथून पुन्हा सुरू करता येणं. यालाच आपण सेव्ह म्हणतो. आपल्याकडे जो डबा आला, त्यात नेमकी हीच सोय नव्हती. तिची सर्वांत जास्त गरज जिथे होती, तिथेच ती पोचली नाही.

आधी त्या डब्याबद्दल थोडं. अमरावतीहून कुणी आणलेला किंवा यात्रेतल्या दुकानातून घेतलेला तो टीव्ही गेम म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं जुलै 1983 मध्ये आणलेल्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल. मूळ यंत्रात अनेक चिप्स होत्या. पुढे नक्कल करणाऱ्यांनी त्या सगळ्यांचं काम एकाच चिपमध्ये बसवलं आणि तिच्यावर काळ्या रसायनाचा थेंब टाकून ती झाकली. डबा उघडून पाहिलेल्यांना तो काळा ठिपका आठवत असेल. डबा स्वस्त झाला तो त्यामुळे.

या यंत्राची कामाची मेमरी होती 2 केबी, म्हणजे 2,048 बाइट. मारिओ कुठे उभा आहे, किती जीव उरले, किती नाणी जमली, कासव कोणत्या बाजूला चाललंय, हे सगळं एवढ्याशा जागेत मावायचं. खेळाचा कार्यक्रम आणि चित्रं कॅसेटमधल्या रॉममध्ये असत. सुपर मारिओ हा अख्खा गेम 40 केबीचा. पण रॉमवर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. म्हणजे गेम कायमचा आणि तुम्ही त्यात केलेली मेहनत क्षणभंगुर, अशी ती रचना होती.

ती मेहनत वीज जाताच पुसली का जायची? या जातीच्या मेमरीत प्रत्येक बिटसाठी ट्रान्झिस्टरांची एक जोडगोळी असते. पहिला भाग दुसऱ्याला एका स्थितीत धरून ठेवतो आणि दुसरा पहिल्याला. फुगडी खेळताना दोघी एकमेकींच्या ओढीवर तोललेल्या असतात तसं. विजेचा ताण आहे तोवर शून्य शून्यच राहतं आणि एक एकच. ताण सुटला की दोन्ही भाग ढासळतात, आणि वीज परत येते तेव्हा कोण कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नसतो. म्हणून चालू केल्या केल्या मेमरीत कचरा असतो आणि गेम सर्वांत आधी ती पुसून स्वच्छ करतो.

मारिओमध्ये मात्र एक फार सुंदर बारकावा आहे. रिसेटचं बटण दाबलं तर वीज जात नाही, फक्त प्रोसेसर नव्यानं सुरू होतो. मग मेमरी कशाला पुसायची? म्हणून हा गेम सुरू होताच दोन गोष्टी तपासतो. सर्वाधिक गुणांच्या जागी खरोखर आकडेच आहेत ना, आणि एका ठरलेल्या जागी त्यानं स्वतः ठेवलेला 165 हा अंक तसाच आहे ना. दोन्ही जुळलं तर तो समजतो की वीज गेलेली नाही, आणि सर्वाधिक गुण राखून ठेवतो. गेम संपल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरायचं आणि स्टार्ट दाबायचं, की ज्या जगात मेलात त्याच जगाच्या सुरुवातीपासून खेळता येई. ही युक्तीही त्याच 2 केबीच्या भरवशावर. लाईन गेली की 165 गेला आणि सगळंच गेलं.

जपानमध्ये वीज जाण्याची भीती फारशी नव्हती, पण प्रश्न तोच होता. मोठी गोष्ट सांगणारे, वीस-तीस तासांचे गेम बनवायचे तर माणसाला मधे झोपायला हवं आणि शाळेतही जायला हवं. त्यावरचा पहिला उपाय फुकटातला होता. यंत्राला लक्षात ठेवता येत नसेल तर माणसानं ठेवावं. गेम बंद करण्याआधी यंत्र एक संकेतशब्द दाखवायचं, तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी एकेक अक्षर निवडून पुन्हा भरायचा.

मेट्रॉइड या गेमचा संकेत 24 अक्षरांचा होता. वापरायची चिन्हं 64, म्हणजे प्रत्येक अक्षरात 6 बिट आणि एकूण 144 बिट. त्यातले 128 बिट खरी माहिती: कोणती शस्त्रं मिळाली, कोणती दारं उघडली, किती वेळ झाला. उरलेल्यांपैकी 8 बिट ती माहिती उलटीपालटी करण्यासाठी, म्हणजे कुणाला सहज ओळखू येऊ नये म्हणून, आणि 8 बिट बेरजेच्या पडताळ्यासाठी. एखादं अक्षर चुकून भलतंच उतरलं की बेरीज जुळत नसे आणि यंत्र तो संकेत नाकारी. ड्रॅगन क्वेस्टच्या दुसऱ्या भागात हा संकेत 52 अक्षरांपर्यंत गेला. तो जपानी मुलांनी कसा उतरवून घेतला असेल, याचा विचार केला की त्यांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं. पण ही युक्ती वीज जाण्यावर मुळीच कामाची नाही. संकेत उतरवायलाही यंत्र चालू असावं लागतं, आणि लाईन जाताना सांगून जात नाही.

मग आली बॅटरी. द लेजंड ऑफ झेल्डा हा गेम 1986 मध्ये जपानात चकतीवर निघाला होता, चकतीवर लिहिता येत असे. 1987 मध्ये तो अमेरिकेत सोनेरी रंगाच्या कॅसेटमध्ये आला तेव्हा कॅसेटमध्ये 8 केबीची एक जास्तीची मेमरी होती आणि तिच्या शेजारी एक नाण्याएवढा सेल. हाच सीआर 2032 सेल आज आपण गाडीच्या चावीत आणि वजनकाट्यात टाकतो. नावातच माप आहे: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी. यंत्र बंद झालं की मेमरीला धरून ठेवण्याचं काम हा सेल करतो.

एवढासा सेल किती पुरेल? गणित सोपं आहे. त्यात साधारण 220 मिलिअँपिअर-तास वीज असते. नुसती पडून राहिलेली मेमरी चिप दोन मायक्रोअँपिअर घेते असं धरू. भागाकार केला तर 1,10,000 तास येतात, म्हणजे साडेबारा वर्षं. प्रत्यक्षात अनेक कॅसेटी याहून जास्त टिकल्या. ज्यांच्यात घड्याळही चालत असे, त्यांचा सेल लवकर संपला. पोकेमॉनच्या गोल्ड आणि सिल्व्हर या कॅसेटींचं तसंच झालं, कारण त्यांत रात्र-दिवस खऱ्या वेळेप्रमाणे बदलत.

बॅटरी असूनही एक धोका होता आणि तो आपल्या कहाणीशी थेट जोडलेला आहे. झेल्डा खेळणाऱ्यांना सूचना होती: आधी रिसेट दाबून धरा आणि मगच यंत्र बंद करा. कारण असं की वीज एका झटक्यात शून्य होत नाही, काही क्षण ती घसरत जाते. त्या क्षणांत प्रोसेसर भांबावतो, भलत्या आज्ञा पाळू लागतो आणि जतन केलेल्या मेमरीवर काहीबाही लिहून बसतो. रिसेट दाबलेलं असलं की प्रोसेसर गप्प राहतो. तिवशात झेल्डाची खरी कॅसेट असती, तरी लाईन जाण्याआधी रिसेट कोण दाबणार होतं? म्हणजे मूळ शोधसुद्धा वीज माणसाच्या हातात आहे हे गृहीत धरून केलेला होता.

आपल्याकडच्या कॅसेटींत तर हा सेलच नव्हता. मेमरीची वेगळी चिप आणि सेल घातला की खर्च वाढतो, म्हणून त्या बनवणाऱ्यांनी झेल्डासारखे लांबलचक गेम टाळले आणि जे सेव्हशिवाय चालतात तेच भरले: मारिओ, काँट्रा, रोड फायटर, सर्कस, रणगाड्यांचा तो गेम, बदकांची शिकार. ज्या पिढीनं इथे टीव्ही गेम खेळला तिला गोष्ट सांगणारे गेम भेटलेच नाहीत, त्याचं हे मोठं कारण आहे असं मला वाटतं. भाषेची अडचण होतीच, पण सेलाची अडचण तिच्याही आधीची होती.

मात्र त्याच स्वस्त कॅसेटींत एक गोष्ट होती जिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. वेष्टणावर 9999 गेम लिहिलेलं असे आणि आत खरे गेम मोजकेच. तेच तेच गेम वेगवेगळ्या नावांनी यादीत पुन्हा पुन्हा येत. ही फसवणूक होती यात शंका नाही. पण पोरांनी शोधून काढलं की त्यातले बरेच गेम अगदी तेच नव्हते. यादीतला पहिला मारिओ पहिल्या जगापासून सुरू होई आणि बऱ्याच खाली सापडणारा दुसरा मारिओ एकदम पुढच्या जगातून. काँट्राचंही तसंच, कुठे जास्त जीव, कुठे पुढचा टप्पा. आकडा फुगवण्यासाठी नक्कल करणाऱ्यांनी सुरुवातीची एखाद-दुसरी किंमत बदलून तोच गेम पुन्हा यादीत टाकला होता. लाईन आल्यावर कोणत्या नंबरवर गेलं की कुठून खेळता येतं, हे ज्याला पाठ असे त्याला गल्लीत मान होता. तुमची स्वतःची प्रगती त्यात नव्हती, गुण नव्हते, पण पुन्हा पहिल्यापासून नाही एवढं तरी होतं. रॉममध्ये कायमचं कोरलेलं हे सेव्हच होतं. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या मनात असं काही नसेलही, तरी आपल्या भागातल्या पोरांनी त्याचा उपयोग तोच केला.

बाहेरच्या जगात पुढे काय झालं ते थोडक्यात. 1990 मध्ये निओ जिओ या यंत्रासोबत मेमरी कार्ड आलं. दुकानातल्या मोठ्या यंत्रावर खेळून ते कार्ड घरी नेता येई. डिसेंबर 1994 मध्ये सोनीचं प्लेस्टेशन आलं. त्याचे गेम सीडीवर आणि सीडीवर खेळणाऱ्याला लिहिता येत नाही, म्हणून 128 केबीचं कार्ड, त्यात वापरायला 15 खण. या कार्डात सेल नव्हता. त्यात फ्लॅश मेमरी होती.

फ्लॅशचा शोध तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांचा. 1984 मध्ये त्यांनी तो जगासमोर मांडला आणि 1987 मध्ये त्याचं नॅन्ड हे रूप. त्याचं मूळ आणखी मागे, 1967 मध्ये बेल लॅब्जमध्ये डॉवॉन काँग आणि सायमन झी यांनी केलेल्या कामात आहे. कल्पना अशी की ट्रान्झिस्टरच्या आत धातूसारखा वाहक असा एक लहान तुकडा चारी बाजूंनी काचेसारख्या निरोधक थरात बंद करायचा. मोठा व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन ढकलायचे. व्होल्टेज काढला की इलेक्ट्रॉन आतच अडकून पडतात, वर्षानुवर्षं. धरून ठेवायला वीज लागत नाही, सेलही नाही. इंटेलमध्ये सुरुवातीच्या फ्लॅश तंत्रावर काम करणाऱ्यांत विनोद धाम होते. त्यांचा जन्म 1950 चा, पुण्यातला, आणि पुढे पेंटियम प्रोसेसरमुळे ते जगभर ओळखले गेले. मासुओकांना मात्र आपल्या शोधाच्या मोबदल्यासाठी तोशिबावर दावा लावावा लागला. 2006 मध्ये 8 कोटी 70 लाख येनवर तडजोड झाली. आज ज्या तंत्राशिवाय एकही मोबाइल चालत नाही, त्याच्या जनकाला हे करावं लागलं ही बाब मला सलते.

फ्लॅशनं मेमरी पक्की केली, पण लिहिता लिहिता वीज गेली तर? अर्धं नवं, अर्धं जुनं, आणि बेरजेचा पडताळा चुकलेला. म्हणून पडद्यावर सूचना यायची: सेव्ह होत असताना यंत्र बंद करू नका. ज्याच्या घरची लाईन कुणा दुसऱ्याच्या हातात आहे त्यानं ही सूचना कशी पाळायची? खरा उपाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी काढला. 2002 च्या पोकेमॉन रूबी आणि सफायरमध्ये सेव्हच्या दोन जागा आहेत. एकदा पहिल्या जागी लिहायचं, पुढच्या वेळी दुसऱ्या जागी, आणि प्रत्येक वेळी क्रमांक एकनं वाढवायचा. उघडताना मोठा क्रमांक असलेली आणि पडताळा जुळणारी प्रत घ्यायची. नवी प्रत मधेच तुटली तर जुनी शाबूत असतेच. नुकसान झालं तर शेवटच्या सेव्हनंतरच्या खेळाचं. बँकांचे आणि रेल्वे आरक्षणाचे संगणकही जुनी नोंद मोडण्याआधी नवी पूर्ण करण्याचं हेच तत्त्व पाळतात.

त्यानंतरची पायरी म्हणजे सेव्हचं बटणच न लागणं. 2013 च्या प्लेस्टेशन 4 ला झोपवून ठेवता येतं, पण तेव्हा मेमरीला वीज चालूच लागते, लाईन गेली की थांबवलेला गेम गेला. 2020 च्या एक्सबॉक्स सिरीजमधली क्विक रिझ्यूम ही सोय मेमरीतलं सगळं एसएसडीवर उतरवून ठेवते, म्हणून प्लग काढून पुन्हा लावला तरी गेम तिथूनच सुरू होतो.

तिवशातले जुने खेळाडू आता हेच गेम मोबाइलवर खेळतात. तिथल्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सेव्ह स्टेट असतं: ती 2 केबी मेमरी, चित्राची मेमरी, प्रोसेसर नेमका कुठल्या आज्ञेवर होता, सगळ्याची एक लहानशी फाइल. काँट्राच्या आठव्या टप्प्यात, उडी अर्धी असतानासुद्धा ती घेता येते. एक काळजी घ्या. गेमला स्वतःचं सेव्ह असेल, झेल्डासारखं, तर जुनं स्टेट उघडताच गेममधलं नवं सेव्हही जुन्यानं झाकलं जाऊ शकतं. दोन्हींपैकी एकच पद्धत धरा. आणि कुणाकडे सेल असलेली मूळ कॅसेट असेल तर सेल बदलताना हे ध्यानात घ्या की जुना काढताक्षणी आतलं सेव्ह जातं. जाणता कारागीर आधी ते संगणकावर उतरवून घेतो किंवा काम होईतो बाहेरून तीन व्होल्ट जोडून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात रिमोटवरची अधिक चिन्हाची कळ: गुनपेई योकोई यांनी ती कशासाठी बनवली आणि तिच्या पेटंटमुळे दुसऱ्या कंपन्यांच्या कळा वेगळ्या आकाराच्या का झाल्या.