डिस्क आधी, पॅड नंतर

जानेवारी 2023 मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला. रंग, क्रोम आणि चामड्याच्या बैठकी लोकांनी डोळे भरून पाहिल्या. गाडी थांबवणारी डिस्क मात्र चाकाआडच राहिली.

डिस्क ब्रेकचा बोलबाला शर्यतीतून झाला. 1953 ची ले माँची 24 तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. 1961 च्या ई-टाइपला तर चारही चाकांना डिस्क आल्या.

अशा गाड्या हौसेने जपल्या जातात, पण महिनोन्‌महिने उभ्या राहतात. पावसाळ्याच्या दमट हवेत बिडाच्या डिस्कवर गंज चढतो आणि ब्रेकचे पॅड टेकलेले असते तिथे डाग उमटतो. त्यावरच नवे पॅड चढवले की पेडल थरथरते आणि खापर पॅडवर फुटते.

जाणता मिस्त्री आधी मोजतो. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी घेतो आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या किमान जाडीशी ताडून पाहतो. मग हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढतो, कारण तिथे अडकलेली बारीकशी खपली डिस्क तिरपी बसवते. डिस्क नटांनी आवळून डायल गेज लावतो आणि हाताने फिरवतो. काटा साधारण 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त हलला, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जात नाही.

चरे खोल असतील तर डिस्क लेथवर जाते. एकाच आसावरच्या दोन्ही डिस्क सारख्याच कातायच्या आणि किमान जाडीच्या खाली जाणार असेल, तर डिस्क बदलायची. चरे नसतील तर 120 नंबरचा पॉलिश पेपर गोलगोल फिरवला की पुरते. शेवटी साबणपाण्याने धुणे, कारण बिडाची बारीक भुकटी नव्या पॅडमध्ये रुतते. धुतल्यावर लगेच कोरडे करायचे, नाहीतर गंज पुन्हा चढतो. जुन्या पॅडच्या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकतो. ती हवेच्या झोताने कधीही उडवू नये.

पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 किलोमीटरपर्यंत वेग हळूहळू उतरवायचा, असे आठ-दहा वेळा. गाडी पूर्ण थांबवायची नाही, मध्ये ब्रेक गार होऊ द्यायचे. पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की खरी पकड येते.

ज्या वडोदऱ्यात तो मेळा भरला, तिथेच सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढून हातकौशल्याला शिक्षणाचा दर्जा दिला. मोजून काम करणारा मिस्त्री त्याच मानाचा धनी आहे. पुढच्या वेळी पॅड बदलायला जाल, तेव्हा किंमत विचारण्याआधी डिस्कची जाडी विचारा आणि मोजायला लागणाऱ्या वेळाचे पैसे खळखळ न करता द्या.