४३ सेकंद नेटवर्क तुटलं, २४ तास गोंधळ! सर्व्हर 'बंद' पडला हे ठरवतं कोण?

यूपीआयने पैसे पाठवले आणि स्क्रीनवर चक्र फिरतच राहिलं. गेले की अडकले? हाच प्रश्न सर्व्हरलाही पडतो.

कसं कळतं?
सर्व्हर ठरावीक वेळाने एकमेकांना 'मी चालू आहे' असा संदेश पाठवतात. याला हार्टबीट म्हणतात. तो आला नाही, तर सर्व्हर बंद पडला की फक्त नेटवर्क तुटलं, हे खात्रीने सांगता येत नाही.

काय घडलं होतं?
प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या गिटहबचं अमेरिकेतलं नेटवर्क २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अवघे ४३ सेकंद तुटलं. पूर्व किनाऱ्याशी संपर्क नाही म्हणून यंत्रणेने बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरचा डेटाबेस मुख्य केला. पण पूर्वेकडच्या शेवटच्या काही नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. मुख्य कोण यावर एकमत झालं, नोंदींवर नाही! सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

तुम्ही काय कराल?
शंका असेल तेव्हा थांबणंच सुरक्षित. म्हणून व्यवहार 'पेंडिंग' दिसला, तर लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. आधी स्टेटस तपासा.