साथींचा आंतरराष्ट्रीय प्रसार
साथींचा आंतरराष्ट्रीय प्रसार : संसर्गजन्य रोगाची साथ मूळ प्रदेशाची सीमा ओलांडून अनेक देशांत पसरण्याची प्रक्रिया. माणसे, प्राणी व माल ज्या मार्गांनी आणि ज्या वेगाने जातात, त्याच मार्गांनी व वेगाने साथही जाते.

या प्रक्रियेत रोगाचा परिपाक काल व प्रवासाचा काळ यांचे परस्परप्रमाण निर्णायक ठरते. शिडाच्या जहाजावरील दीर्घ सफरीत देवी किंवा गोवर यांसारखा रोग जहाजावरच उद्‌भवून पुष्कळदा किनारा येण्यापूर्वी शमत असे. आगबोटी व १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांमुळे हा अडसर दुबळा झाला; विमानाने तो जवळजवळ नाहीसा केला. बाधित प्रवासी आता लक्षणे दिसण्यापूर्वीच दुसऱ्या खंडात उतरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची प्लेगची साथ हे याचे ठळक उदाहरण होय. १८९४ मध्ये ती हाँगकाँगमध्ये भडकली. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरालगतच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तिचे निदान केले. पुढे ओपोर्तो (१८९९), सिडनी व सॅन फ्रॅन्सिस्को (१९००) आणि केपटाउन (१९०१) येथे ती पोहोचली. ही सारी बंदरे आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. प्रवाशांची तपासणी कसून होई. पण मालाबरोबर येणाऱ्या उंदरांकडे व त्यांच्या अंगावरील पिसवांकडे आरंभी फारसे लक्ष गेले नाही. पिसवांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविला. भारतात या साथीने सुमारे सव्वा कोटी बळी घेतले, असा अंदाज आहे.

विलग्नवासाची पद्धत भूमध्य सागरावरील व्यापारी बंदरांत रूढ झाली. तिला विरोधही व्यापाऱ्यांचाच असे. पॅरिस येथे १८५१ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. परंतु प्रत्यक्ष करार होण्यास १८९२ साल उजाडले. मुंबईतील प्लेगच्या धास्तीने १८९७ मध्ये व्हेनिस येथे पुन्हा परिषद भरवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार १९८१ नंतर पटकी, प्लेग व पीतज्वर या तीनच रोगांची वर्दी देणे बंधनकारक होते. २००३ मधील सार्स साथीनंतर, २००५ च्या सुधारित नियमांनी रोगांची ही मर्यादित यादी सोडून आंतरराष्ट्रीय धोक्याची कोणतीही घटना कळविण्याचे बंधन घातले.

वर्दी देणाऱ्या देशाला मात्र तिची किंमत मोजावी लागते आणि साथ दडविण्याच्या प्रवृत्तीचे मूळ बहुधा येथेच आहे. १९९४ मध्ये सुरतमधील प्लेगची वार्ता पसरताच काही देशांनी भारताशी विमानवाहतूक थांबविली. कोव्हिड-१९ च्या जागतिक साथीत, नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉन या नव्या विषाणुप्रकाराची माहिती तत्परतेने जाहीर केली. काही दिवसांतच अनेक देशांनी तेथील प्रवाशांना प्रवेशबंदी केली.