तुरुंग कोणाला भोवतो?

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी विनोबा भावे कैद्यांसमोर गीतेवर बोलायला बसले. साने गुरुजींनी ते उतरवून घ्यायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे १९ जूनला अठरा अध्याय पुरे झाले आणि ‘गीता प्रवचने’ तयार झाली. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता, म्हणजे शहादा-तळोद्याचे जिल्ह्याचे ठिकाणही धुळेच. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. तोंड बंद करण्यासाठी ज्यांना आत टाकले, त्यांचे शब्द असे घरोघरी पोचले.

राजकारणात तुरुंगवारीला मान मिळाला तो स्वातंत्र्यलढ्यात. १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातूनच मुजफ्फरपूरची निवडणूक जिंकले. आणीबाणीत महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिलेल्यांना दरमहा १० हजार रुपये मानधन द्यायचे, असे महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये ठरवले. २०२० मध्ये सरकार बदलल्यावर ते बंद झाले, २०२२ मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर सुरू झाले. आंदोलनातले खटले मागे घेण्याचे शासन निर्णयही अधूनमधून निघतातच. अखेर आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२१ मध्ये बजावावे लागले.

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातल्या पाड्यावर मात्र तुरुंगाचा अर्थ निराळा.

तिथल्या एखाद्या तरुणाला मारामारीच्या किंवा दारूच्या गुन्ह्यात अटक झाली, की पुढचा सगळा खेळ कागदांचा. न्यायालय जामीन मंजूर करते, पण जामीनदार लागतो. जामीनदाराकडे सातबारा किंवा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला लागतो. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा कुठून येणार? सोयरे गुजरात आणि मध्य प्रदेशातही असतात, पण परजिल्ह्यातला जामीनदार म्हटले की अडचण. अशाच एका प्रकरणात, मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या खटल्यात, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटने भावाला जामीनदार म्हणून नाकारले होते. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवले. गरिबाला त्याच्या ऐपतीप्रमाणे, प्रसंगी नुसत्या जातमुचलक्यावर सोडा, हे तेव्हापासून सांगितले जात आहे.

सुटका झाली तरी तारखा सुटत नाहीत. चांदसैली घाट उतरून तळोदा, तिथून नंदुरबार. एका तारखेपायी दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबच्या कुटुंब दक्षिण गुजरातेत उतरते. फडावर असताना तारीख चुकली की वॉरंट निघते आणि मूळ गुन्ह्याचा निकाल लागण्याआधीच गडी पुन्हा आत जातो. त्याची शिक्षा घरच्यांनाही भोगावी लागते, कारण मुकादमाची उचल फिटायची असते आणि कोयत्याचा एक जोडीदार कमी झालेला असतो.

हे चित्र एकट्या सातपुड्याचे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे चारांतली तीन, न्यायाधीन बंदी होती. दोष सिद्ध झालेला नसताना ती आत होती.

म्हणून तुरुंगच नको, असे म्हणता येत नाही. गावपंचांनी दंड ठरवून भांडण मिटवण्याची रीत माणसाला त्याच्या शेतापासून तोडत नाही, हे खरे. पण एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळताना हेच गाव एक होते, तेव्हा दाद कुठे मागायची? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. तिथे कायद्याचा धाक हाच त्या बाईचा आधार असतो.

सुधारणा झालेल्या नाहीत असेही नाही. जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या कैद्यासाठी ४० हजार रुपयांपर्यंत मदतीची केंद्राची योजना २०२३ मध्ये आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे असते. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले बंदी यातून वगळले आहेत. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे.

मतपेटीपाशी मात्र नेता आणि मजूर यांच्यातला फरक तसाच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही; प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्यांचा तेवढा अपवाद. नुसत्या तुरुंगात असण्याने निवडणूक लढवायला मात्र अटकाव नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसा अटकाव केला, तेव्हा संसदेने त्याच वर्षी कायदा दुरुस्त करून तो काढून टाकला. जामीनदाराअभावी आत राहिलेल्या मजुराच्या मतासाठी तशी दुरुस्ती अजून झालेली नाही.