परत न आलेल्या रुग्णाची नोंद

आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही चार प्रमाणे चरकसंहितेत सांगितली आहेत. शासनाकडे जाणाऱ्या आपल्या निवेदनांत मात्र बहुधा पहिलेच असते. आपण ग्रंथवचने देतो, दीर्घ अनुभव सांगतो. आकडे क्वचितच देतो.

गडचिरोलीचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उपाय योजण्यापूर्वी गावोगावचे जन्ममृत्यू मोजले. नंतर 39 गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजातांची घरीच काळजी घेतली. 47 गावे तुलनेसाठी ठेवली. उपायाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे 62 असलेला नवजात-मृत्युदर तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. ही तुलनेची गावे नसती, तर श्रेय उपचाराचे की चांगल्या पाऊसपाण्याचे, हे कोणी ठरविले असते? निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली ती 2011 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी!

आपल्या औषधांविषयीचा पुरावा मात्र दुसऱ्यांनी गोळा केला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय औषधांची तपासणी 2004 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 14 औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. पुढे केंद्र शासनाने निर्यातीच्या निव्वळ वनौषधी कल्पांना जड धातूंची तपासणी 1 जानेवारी 2006 पासून सक्तीची केली. त्या अभ्यासात रुग्ण तपासलेले नव्हते, हा आक्षेप रास्तच होता. परंतु शोधन-मारणाचे पाठ दाखवून प्रयोगशाळेच्या आकड्यास उत्तर देता येत नाही. तेथे औषधालयाच्या प्रत्येक बॅचची तपासणीपत्रेच पुढे करावी लागतात.

आम्ही मुरगूड परिसरातील वैद्यांनी आपली रुग्णपत्रके या दृष्टीने चाळली, तेव्हा संकोच वाटला. बरा झालेला रुग्ण आवर्जून सांगावयास येतो, म्हणून त्याची नोंद होते. न आलेला बरा झाला, कंटाळला, की कोल्हापुरास दाखल झाला, हे पत्रकावरून कळत नाही. त्याला वगळून काढलेली टक्केवारी शासनापुढे ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही.

म्हणून नव्या रुग्णाच्या पत्रकावर कल्पाचे नाव, औषधालय व बॅच क्रमांक लिहावयाचा आणि दोन महिन्यांत जो परतला नाही त्यास दूरध्वनी करावयाचा, असे आम्ही ठरविले आहे. औषधाने त्रास झाल्याचे कोणी सांगितले, तर तेही त्याच पत्रकावर, त्याच शाईने लिहावयाचे आहे.