डॅनच्या वहीतले सहा हजार तीन तास

डॅन मॅक्लॉक्लिनने गोल्फ शिकायला सुरुवात केली ती होलपासून एका फुटावर उभं राहून. हातात एकच क्लब, पटर. एका फुटावरचा चेंडू न चुकता आत जायला लागला, मग तीन फूट, मग थोडं आणखी मागे. कित्येक महिने त्याने दुसऱ्या क्लबला हात लावला नाही. ज्या ड्रायव्हरचा ठोका मारायला मिळावा म्हणून बहुतेक माणसं या खेळाकडे वळतात, त्या ड्रायव्हरसह पूर्ण संच हाती यायला त्याला वर्षाहून अधिक काळ थांबावं लागलं.

ही सुरुवात एप्रिल २०१० मधली. डॅन तेव्हा तीस वर्षांचा होता. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात तो व्यावसायिक फोटोग्राफर होता. स्पर्धात्मक खेळाची म्हणावी अशी पार्श्वभूमी नव्हती आणि अठरा होलची एक पूर्ण फेरीही तो आयुष्यात कधी खेळला नव्हता. तरीही त्याने नोकरी सोडली आणि जाहीर केलं की दहा हजार तास गोल्फचा सराव करायचा आणि पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक दौऱ्यावर, पोचता येतं का ते पाहायचं. आठवड्याला तीसेक तास धरले तर हिशेब सहा-सात वर्षांचा होता. या उपक्रमाला नाव पडलं ‘डॅन प्लॅन’. डॅनने प्रत्येक तासाची नोंद ठेवली. पटिंगचे इतके, चिपिंगचे इतके, फेरीचे इतके. शिल्लक किती राहिले तेही.

दहा हजार हा आकडा कुठून आला, ते आधी पाहायला हवं. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात तयार विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या घरात भरत होता. २००८ साली लेखक माल्कम ग्लॅडवेल यांचं ‘आउटलायर्स’ हे पुस्तक आलं आणि ही सरासरी ‘दहा हजार तासांचा नियम’ म्हणून जगभर गाजली. एरिक्सन स्वतः पुढे वारंवार सांगत राहिले की हा नियम नव्हे. त्या उत्तम गटातल्या निम्म्या विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षी दहा हजारांचा आकडा गाठलेलाही नव्हता. आणि नुसते तास मोजून काही होत नाही. चूक कुठे झाली हे लगेच कळलं पाहिजे, ते सांगणारा गुरू पाहिजे आणि पुढच्या वेळी तीच चूक टाळण्यासाठी काहीतरी वेगळं करून पाहिलं पाहिजे.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागू नये. महिनोन् महिने खर्जात नुसता षड्ज लावायला सांगणारे गुरू आपल्या संगीतात होऊन गेले आहेत. डॅनला एका फुटावर उभं करणारे प्रशिक्षक ख्रिस्तोफर स्मिथ यांचं तर्कशास्त्र त्याच जातीचं होतं. आधी लहान हालचाल पक्की करायची, तिच्यात शरीराला स्थिर व्हायला शिकवायचं, मग होलपासून एकेक पायरी मागे सरकायचं. पटिंगनंतर चिपिंग, त्यानंतर पिचिंग, मग आयर्न आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर.

मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर, पुण्यात, गोल्फ खेळायला लागलो. रविवारी सकाळी एक फेरी, आठवड्यातून एकदा रेंजवर शंभरेक चेंडू. डॅनबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रेंजवर ते शंभर चेंडू एकाच क्लबने, एकाच दिशेला, एकापाठोपाठ एक मारत होतो आणि त्यालाच सराव म्हणत होतो. डॅनच्या नोंदी वाचल्यावर मी प्रत्येक चेंडूआधी लक्ष्य ठरवायला लागलो. चेंडू डावीकडे गेला की उजवीकडे, हे लिहून ठेवायला लागलो. वर्षभरात माझ्या फेरीतले सहा-सात फटके कमी झाले. त्यामुळे या माणसाबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही, हे आधीच सांगतो.

पण त्याच्या योजनेतली एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती आणि आज जास्त खटकते. डॅन पटिंगवर महिने घालवत होता, त्याच सुमाराला कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी पीजीए टूरवरच्या लाखो फटक्यांची आकडेमोड करत होते. प्रत्येक फटक्याने खेळाडूचा सरासरीपेक्षा किती फायदा झाला, हे मोजण्याची त्यांची पद्धत. पटिंगपुरती ती टूरने २०११ मध्ये स्वीकारली. २०१४ साली आलेल्या ‘एव्हरी शॉट काउंट्स’ या पुस्तकात त्यांनी जे दाखवलं, त्याने गोल्फमधला एक जुना समज मोडीत निघाला. ‘ड्राइव्ह दिखाव्यासाठी, पटिंग पैशासाठी’ असं गोल्फर पिढ्यान् पिढ्या म्हणत आले होते. ब्रॉडींच्या हिशेबात, टूरवरच्या अव्वल खेळाडूंना इतरांवर जी आघाडी मिळते, तिच्यातला पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के निघाला. ग्रीनकडे मारायच्या लांब फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आणि टीवरून मारलेल्या ड्राइव्हचा २८. आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडूही निम्मेच पट आत घालतात. म्हणजे तिथे मिळवण्यासारखं फार थोडं आहे. खरा फरक पडतो तो दीडशे-पावणेदोनशे यार्डांवरून चेंडू होलजवळ नेऊन ठेवण्यात.

डॅनने जिथून सुरुवात केली, तिथे शिकण्याची शिस्त उत्तम होती. मात्र टूरवर पोचायला ज्या वेगाने क्लब फिरवावा लागतो, तो वेग अंगी आणण्याचं काम त्याने सगळ्यात शेवटी, तिशी ओलांडल्यावर सुरू केलं. माझ्या मते हा त्या योजनेतला मोठा दोष होता. अर्थात २०१० मध्ये हे कोणाला माहीत होतं? ब्रॉडींचं पुस्तक यायला चार वर्षं अवकाश होता.

तरी तो सुधारला, आणि किती सुधारला हे समजायला हॅन्डिकॅप म्हणजे काय ते सांगायला हवं. ढोबळ मानाने, कोर्सच्या अपेक्षित फटक्यांपेक्षा खेळाडू चांगल्या दिवशी किती जास्त फटके घेतो, तो आकडा. चांगल्या दिवशी हे महत्त्वाचं, कारण तेव्हाच्या अमेरिकी पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम दहाच धरत. आता तर आठच धरतात. अमेरिकेत हॅन्डिकॅप नोंदवणाऱ्या पुरुषांची सरासरी चौदाच्या आसपास आहे. डॅन अगदी नवशिका म्हणून निघाला, एक आकडी हॅन्डिकॅपवर झपाट्याने उतरला, तीन-चारच्या आसपास रेंगाळला आणि २.६ हा त्याचा सर्वात कमी आकडा ठरला. आयुष्यभर खेळणाऱ्या हौशी गोल्फरांपैकी बहुसंख्य तिथवर कधीच पोचत नाहीत. अठरा होलची फेरी कधीही न खेळलेल्या माणसाने पाच वर्षांच्या आत हे केलं.

आता दुसरी बाजू. टूरवरच्या खेळाडूंचे हॅन्डिकॅप काढले तर ते शून्याच्या पलीकडे, ‘अधिक पाच’च्या आसपास जातात, म्हणजे अपेक्षेपेक्षा पाच फटके कमी. डॅन आणि ते यांच्यात फेरीमागे सात-आठ फटक्यांचं अंतर. स्पर्धा चार फेऱ्यांची, म्हणजे तीस फटके. आणि टूरवर पहिला आणि दुसरा यांच्यात पुष्कळदा एकाच फटक्याचा फरक असतो. चौदावरून चारवर येणं आणि चारवरून शून्याच्या खाली जाणं, या दोन वेगळ्या चढणी आहेत. पहिली चढण चांगला गुरू आणि वेळ मिळाला तर चढता येते. दुसरीत प्रत्येक अर्ध्या फटक्यासाठी शेकडो तास द्यावे लागतात, आणि कधी कधी ते देऊनही आकडा जागचा हलत नाही. डॅनच्या नोंदींमध्ये हा थांबलेला काळ स्पष्ट दिसतो. त्याने तो लपवला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग तिसाव्या वर्षी सुरुवात करणंच वेडेपणाचं होतं का? मला तसं वाटत नाही. लॅरी नेल्सन व्हिएतनाम युद्धाहून परतल्यावर, एकविसाव्या वर्षी गोल्फ शिकले आणि पुढे तीन मेजर स्पर्धा जिंकले: १९८१ आणि १९८७ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि १९८३ ची यूएस ओपन. दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांग यांनी एकोणिसाव्या वर्षी क्लब हातात घेतला आणि २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगर वुड्सला मागे टाकलं. कॅल्विन पीट यांची गोष्ट तर मला सगळ्यात जवळची. शेतमजुरांना फिरून माल विकणारा हा माणूस तेविसाव्या वर्षी खेळायला लागला. लहानपणी मोडलेला डावा हात त्यांना कधीच पूर्ण सरळ करता आला नाही. गोल्फचं प्रत्येक पुस्तक सांगतं की डावा हात सरळ ठेवा. पीट त्याच वाकड्या हाताने पीजीए टूरवर बारा स्पर्धा जिंकले आणि १९८१ पासून सलग दहा वर्षं ड्राइव्ह फेअरवेवर ठेवण्यात टूरवर पहिले राहिले. तेविशी आणि तिशी यांत सात वर्षांचं अंतर आहे, ते शरीराच्या दृष्टीने लहान नाही. पण डॅनचं स्वप्न हवेतलं नव्हतं, एवढं हे तीन खेळाडू नक्की सांगतात.

मध्येच नियमही बदलले. डॅनने सुरुवात केली तेव्हा ‘क्यू-स्कूल’ नावाच्या पात्रता स्पर्धेतून थेट पीजीए टूरचं कार्ड मिळायचं. चांगले काही आठवडे खेळलेल्या अनोळखी माणसाला दार उघडं होतं. २०१२ नंतर ते बंद झालं आणि क्यू-स्कूलमधून फक्त खालच्या दर्जाच्या दौऱ्याचं कार्ड मिळू लागलं. वाट निदान एका वर्षाने लांबली.

पण त्याला थांबवलं ते त्याच्या पाठीने. २०१५ मध्ये दुखणं इतकं वाढलं की त्याला सराव बंद करावा लागला. थोडी विश्रांती, पुन्हा प्रयत्न, पुन्हा दुखणं. वहीत तेव्हा ६,००३ तास झाले होते. पुढचा काळ त्याने सोडा आणि सरबतांच्या व्यवसायात घातला. २०१७ साली ‘द अटलांटिक’ मासिकाने त्याच्यावर लेख छापला आणि त्याच्या मथळ्यात हाच आकडा होता.

गोल्फ हा दिसायला संथ खेळ. धावणं नाही, धक्काबुक्की नाही. म्हणून पाठीचं नाव काढलं की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. स्विंगमध्ये कंबर एकीकडे थांबते, खांदे दुसरीकडे वळतात आणि मग सगळं एका क्षणात उलगडतं. १९९० च्या एका अभ्यासात त्या क्षणी कंबरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे आठपट दाब मोजला गेला होता. दोन वर्षांचा असताना टीव्हीवर येऊन पट मारणाऱ्या टायगर वुड्सलाही २०१७ मध्ये कंबरेचे मणके जोडून घेण्याची शस्त्रक्रिया करावी लागली. लहानपणापासून त्या ताणासाठी घडलेल्या शरीराची ही गत. डॅनने तेच ओझं तिशी ओलांडल्यावर अंगावर घेतलं.

इथे मला बर्लिनच्या त्या व्हायोलिनवादकांकडे परत जावंसं वाटतं. त्या अभ्यासातली एक गोष्ट दहा हजारांच्या गाजावाजात मागे पडली. उत्तम विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त झोपत होते. दुपारी वामकुक्षी घेत होते. त्यांचा रियाज तुकड्यांत विभागलेला असे आणि मधल्या विश्रांतीला त्यात हक्काची जागा होती. डॅनच्या योजनेत मोजायला तास होते. विश्रांतीसाठी मात्र रकाना नव्हता. एखादा आकडा ध्येय झाला की माणूस त्याच्याकडेच पाहत राहतो आणि शरीर काय सांगतं ते ऐकायचं राहून जातं, असं मला हे सगळं वाचताना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

मुळात सरावाने किती फरक पडतो, यावरही पुढे वाद झाला. २०१४ मध्ये मॅक्नमारा, हॅम्ब्रिक आणि ओस्वाल्ड या संशोधकांनी आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. खेळांमध्ये एक खेळाडू आणि दुसरा यांच्यातल्या फरकापैकी सुमारे १८ टक्के फरक जाणीवपूर्वक सरावाने समजावून सांगता येतो, असा त्यांचा निष्कर्ष. एरिक्सन यांना तो मान्य नव्हता. कोणता सराव धरला आणि कोणता नाही, यावरून वाद चालू राहिला. एरिक्सन यांच्या २०१६ च्या ‘पीक’ या पुस्तकात डॅनची गोष्ट आहे. २०२० च्या जून महिन्यात एरिक्सन गेले.

डॅन हरला असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. प्रौढ माणूस नव्याने एखादं कौशल्य शिकायला बसला तर पाच वर्षांत कुठवर जाऊ शकतो, याचा इतका प्रामाणिक, तारीखवार हिशेब माझ्या वाचनात दुसरा नाही. तो टूरवर पोचला नाही, हे खरं. पण २.६ हा आकडाही तितकाच खरा आहे आणि तो त्याने होलपासून एका फुटावरून मिळवला.

तुमच्या ओळखीचं कोणी पस्तिशी-चाळिशीत गोल्फ, टेनिस किंवा तबला शिकायला निघालं असेल तर त्याला वय सांगू नका. आधी चांगला शिक्षक शोधून द्या. आणि गोल्फ असेल तर पहिल्याच महिन्यात एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून पाठ तपासून घ्यायला सांगा.