रविवार आमचा

सुट्टीचा वार रविवार आणि ह्यांना सगळ्यात जड जाणारा वारही रविवारच, अशी सुरुवातीला आमची गत होती. न्हावऱ्याजवळ आमची वस्ती आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हे शेतकरी, मुलगी अकरावीला, मुलगा पाचवीत. बीपीनं ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि शिरूरच्या केंद्रात सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी डायलिसिसची पाळी मिळाली. रविवारी मुलं घरी असायची आणि त्यांचे पप्पा पाय सुजलेले, धाप लागलेली, पाठीशी दोन उशा घेऊन बसलेले. आठवडाभर वाट बघून आलेला दिवस असाच मावळायचा.

त्याचं कारण साध्या हिशेबात आहे. निरोगी माणसाच्या किडन्या आठवड्याचे १६८ तास काम करतात. मशीन आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास चालतं, म्हणजे सगळे मिळून १२ तास. उरलेल्या तासांत प्यायलेलं पाणी, खाल्ल्यातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस, शरीरात तयार झालेला युरिया, सगळं आतच साठत राहतं. सात दिवसांत तीन पाळ्या बसवायच्या तर एक खंड मोठा पडणारच. शुक्रवारनंतर थेट सोमवार. त्या खंडाच्या शेवटी अंगात पाणी सगळ्यात जास्त असतं, हृदयावरचा ताणही तेव्हाच सगळ्यात जास्त. मशीनवरून उतरल्यावर माणूस त्या दिवशी गळून जातो, पण रात्रभर झोप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो हलका असतो. ह्यांचा तसा दिवस शनिवार होता. आणि शनिवारी सकाळी मी नि मुलं शाळा-कॉलेजात.

हे कळल्यावर मी पाळी बदलून मागितली. मंगळ, गुरू, शनी. लगेच मिळाली नाही. तिथली खाट कशी रिकामी होते हे बाहेर बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, त्यामुळे त्याची घाई करवत नाही. पण मिळाली. आता मंगळवारी आणि गुरुवारी धाकटे दीर ह्यांना घेऊन जातात, शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी जाते. जड दिवस सोमवारवर गेला, तेव्हा मुलं शाळेत असतात. रविवार आमचा झाला.

औषधांबद्दल, पैशांबद्दल लोक विचारतात. पाळीच्या वारांबद्दल कुणी विचारत नाही. नवीन पेशंट आला की मी त्याच्या घरच्यांना आधी हेच सांगते: तुमच्या घराला कोणता दिवस हवाय ते ठरवा आणि मग वार मागा. मिळेलच असं नाही, पण मागायला हवा.

पैशांचंही सांगते, कारण अजून कित्येकांना माहीत नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात रेशन कार्ड आणि आधार दाखवलं की पाळीचे पैसे द्यावे लागत नाहीत. आमच्या भागात दुखण्यापायी जमीन विकलेली घरं मी पाहिली आहेत. ती विकण्याआधी ही चौकशी व्हायला हवी.

आता काट्याचं. आमच्या घरात वजनकाटा देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवलाय. अंगात जादा पाणी नसतानाचं जे वजन, त्याला केंद्रात ‘ड्राय वेट’ म्हणतात. दोन पाळ्यांमध्ये वजन त्याहून जितकं वाढतं तितकं पाणी मशीननं काढायचं. चार तासांत फार पाणी ओढलं तर बीपी उतरतं, पायात गोळे येतात, आणि मग दुसरा दिवसही हातचा जातो. म्हणून आमची सगळी लढाई पाण्याशी आहे, आणि पाण्याशी म्हणजे खरं तर मिठाशी. मीठ पोटात गेलं की तहान लागणारच. पापड, लोणचं, फरसाण बंद केलं तेव्हा ह्यांचं पाणी न सांगता कमी झालं. एक गोष्ट ठळक सांगते: दुकानात ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ किडनीच्या पेशंटला देऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि वाढलेल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं.

शहाळं, केळी, मोसंबी, उसाचा रस, गूळ, काकवी, सगळ्यात पोटॅशियम भरपूर. ऊस लावणाऱ्या माणसाला रस चालत नाही, हे ह्यांना फार लागलं. हंगामात न्हावऱ्याच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायला लागले की हे तोंड फिरवून बसायचे. सासूबाईंनी त्यावर होळीला तोड काढली. पुरण साखरेचं केलं. डाळ जास्त पाण्यात शिजवून कट पूर्ण निथळून काढला. डाळीतलं बरंचसं पोटॅशियम त्या कटात उतरतं. कटाची आमटी आम्ही खाल्ली, एक पुरणपोळी ह्यांच्या पानात पडली. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. आहारतज्ज्ञांनी भाज्या बारीक चिरून, उकळून, पाणी टाकून द्यायला सांगितलं होतं, ते त्यांनी बरोबर पुरणाला लावलं. बटाटा, टोमॅटोही असेच होतात, प्रमाणात.

ह्यांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. मनगटाजवळची धमनी आणि शीर शस्त्रक्रियेनं एकमेकींना जोडतात, काही आठवड्यांत शीर जाड होते आणि मशीनच्या दोन सुया तिथे टोचता येतात. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, रक्त काढायचं नाही, ओझं उचलायचं नाही. हात लावला की आत रक्ताची सळसळ जाणवते. ती जाणवली नाही तर लगेच दवाखाना गाठायचा. रोज रात्री ती तपासायचं काम मुलानं घेतलंय. कान लावतो आणि मोठ्यानं सांगतो, “चालू आहे!” सुरुवातीला तो त्या हाताला घाबरायचा. त्याला काम दिलं आणि भीती गेली. लहान मुलांना आजारापासून लांब ठेवावं असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही.

माझं माहेर दौंड. वडील रेल्वेत होते. आजार आल्यावर दिवाळीला माहेरी राहायचं बंद झालं, जाऊन तासाभरात परतायचं. मग कळलं की पाळी दुसऱ्या गावीही घेता येते. आपल्या केंद्राचं पत्र लागतं: ड्राय वेट किती, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन किती, सुया कुठे. कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट लागतात, कारण संसर्ग असेल तर मशीन वेगळं ठेवावं लागतं. दौंडच्या केंद्राला आधी फोन करून जागा विचारली, दादानं कागद नेऊन दिले आणि भाऊबीज माहेरी झाली. पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो तेव्हा हे म्हणाले, “जावई आलाय म्हणावं, मशीन तयार ठेवा.” चौफुला, पाटस करत घरी पोचेपर्यंत मुलं हसत होती.

दुसऱ्या एका रविवारी दौंडहून आम्ही भिगवणजवळ कुंभारगावला गेलो. उजनीच्या फुगवट्यात थंडीत रोहित पक्षी येतात. सकाळी लवकर होडीत बसलो, ऊन चढायच्या आत परतलो. ह्यांच्यासाठी मोजून पाणी आणि लिंबाची फोड नेली होती. फोड चोखली की तोंडाची कोरड जाते आणि घोट वाचतो. पक्षी एकदम उठले तेव्हा पंखांखालचा गुलाबी रंग मुलीनं पहिल्यांदा पाहिला. हे होडीवाल्याशी मात्र धरणात किती पाणी आहे आणि ऊस किती वाढलाय यावरच बोलत होते. शेतकऱ्याची सुट्टी ही अशीच.

चांगला दिवस मिळवणं एक, तो राखणं दुसरं. पाहुणे रविवारी येतात. मायेनं येतात, पण ह्यांच्या समोर बसून कोण कशानं गेलं ते सांगतात. मी स्पष्ट सांगायला लागले: भेटायचं तर मंगळवारी केंद्रात या, चार तास गप्पा मारा, येताना गाडी घेऊन या म्हणजे भाऊजींची एक खेप वाचेल. दोघं-तिघं रागावले. बाकीचे आले.

पुणे जिल्ह्यातलंच एक जोडपं मला या काळात पुन्हा पुन्हा आठवतं. ओतूरचे अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा. १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, ते उभं केलं डॉ. अनितांनी. कर्करोग झाल्यावरही त्या त्याच कामात राहिल्या आणि १९९७ साली गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता ते काम बघते. आजारी माणसानं घरात आणि कामात आपली जागा धरून ठेवली की मुलांच्या हाती काय येतं, ते मला तिथे दिसतं.

किडनी देण्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्या घरानं माझ्याकडे पाहिलं. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानं नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरले जातात, भाऊ-बहीणही तितकेच जवळचे. पण आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि घेणाऱ्यांत पुरुष. मी तपासण्या केल्या, मन लावून केल्या. माझी साखर वाढलेली निघाली, त्यामुळे मला देता येत नाही. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत ह्यांचं नाव आहे. मेंदूमृत व्यक्तीच्या घरच्यांनी होकार दिला तर आणि रक्तगट जुळून क्रम आला तर फोन येईल. माझं दानाचं कार्ड मी भरलंय. साखरेचं माणूस जिवंतपणी किडनी देऊ शकत नसलं तरी मागे डोळे देऊ शकतं.

ह्यांचा रविवार सकाळी शेतात सुरू होतो. हे बांधावर खुर्ची टाकून बसतात आणि मुलीला ठिबकचे व्हॉल्व्ह, खताचं प्रमाण, मोटारीचा स्टार्टर समजावतात. सातबारा, सोसायटीचं कर्ज, विम्याचे कागद कुठल्या पिशवीत आहेत ते तिला आणि मला दोघींना माहीत आहे. ह्यांनीच सांगितलं, मी विचारण्याआधी. मुलगा वहीत लिहून घेतो आणि चुकीचं लिहितो, मग हे त्याला परत लिहायला लावतात. गेल्या आठवड्यात मुलीनं उसाच्या खोडव्याला युरिया कमी का टाकायचा नाही यावर पप्पांशी वाद घातला आणि तिचं खरं निघालं.